पिवडी की गडद निळा: फोंडा तालुक्यातल्या एका चिरेबंदी घराचं रंगकाम

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी हे घर आहे. पूर्वेला अंगण आणि तुळशीवृंदावन, मागे पश्चिमेला माडा-पोफळींचं कुळागर, मधोमध राजांगण, म्हणजे घराच्या आतला उघडा चौक. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड. आतून बहुतेक जागी जुना चुन्याचा गिलावा, बाहेरून मात्र मागच्या पिढीत कधीतरी चढवलेला सिमेंटचा. छप्पर मंगलोरी कौलांचं. घरात कायम राहतात ते थोरले भाऊ, वहिनी आणि त्यांची काकी. धाकटा भाऊ पुण्याला असतो. पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं कुटुंब इथंच जमतं, आणि रंगाचा विषय निघाला तोही चवथीच्याच निमित्ताने.

थोरल्यांना पिवडी हवी होती. त्यांच्या लहानपणी घराला चुन्यात पिवडी कालवून हात दिला जायचा, आणि गणपतीच्या मोठ्या खोलीला तर पिवळ्याशिवाय दुसरा रंग त्यांच्या डोक्यातच येत नव्हता. धाकट्याला हवा होता गडद निळा, खिडक्यांना आणि कोपऱ्यांना पांढरे पट्टे. पणजीतल्या फोंतान्यास या जुन्या वस्तीचे फोटो त्याने मोबाइलमध्ये साठवून ठेवले होते आणि अंगणाकडचा दर्शनी भाग तसाच दिसावा अशी त्याची इच्छा होती. दोघांचाही आग्रह एकच रंग सगळीकडे असा. जुन्या घरांच्या डागडुजीचं काम मी करते, म्हणून मला बोलावणं आलं.

माझा निष्कर्ष आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तो तपासून पाहता येईल. या घरात दोन्ही रंग योग्य होते आणि दोन्ही नेमके उलट्या भिंतींवर मागितले जात होते. पिवडी बाहेर जायला हवी होती आणि निळा आत, तोही गणपतीच्या मागे. हे मला पहिल्या दिवशी दिसलेलं नव्हतं. भिंतीवर ऊन, पाऊस आणि माती काय करतात ते पाहिल्यावर दिसलं.

रंग म्हणजे नेमकं काय ठरवायचं होतं

पिवडी ही मुळात माती. तिचा पिवळेपणा लोहाच्या संयुगातून येतो. चिऱ्याला लाल करणारंही लोखंडच. त्यामुळे चिऱ्याच्या घराला पिवडी कधी उपरी वाटत नाही. आज डब्यातल्या इमल्शनमध्ये तीच छटा कारखान्यात बनवलेल्या पिवळ्या आयर्न ऑक्साइडने साधतात. हा रंगकण उन्हाला आणि चुना-सिमेंटच्या क्षाराला सहजासहजी दाद देत नाही. लिंबासारखा चकचकीत पिवळा ही वेगळी जात. तो बहुधा सेंद्रिय रंगकणांवर उभा असतो, उन्हात लवकर विटतो आणि खालचा रंग झाकायला त्याचे जास्त हात लागतात. दुकानात शेड कार्डावर दोन्ही पिवळे शेजारी-शेजारी असतात आणि फरक कोणी सांगत नाही. थोरल्यांनी पहिल्यांदा बोट ठेवलं होतं ते त्या चकचकीत पिवळ्यावरच.

निळ्याचं तसंच. काकीला आठवत होती ती चुन्यात टाकायची नीळ, कपड्यांना घालतो तीच. ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी तो लाजवर्द दगड कुटून काढायचे आणि फार महाग पडायचा. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवायची पद्धत सापडली आणि मग तो घरोघरी पोचला. चुन्यात तो टिकतो, आम्लाने मात्र नासतो. धाकट्याला हवा होता तो गडद निळा आजकाल थॅलो नावाच्या कृत्रिम निळ्या रंगकणात थोडा काळा मिसळून करतात. थॅलो उन्हाला पक्का असतो. तेव्हा ‘निळा उडतो, पिवळा टिकतो’ हे जे आपण सहज बोलतो त्याला या दोन छटांपुरता आधार नव्हता. रंगकण दोन्हीकडे मजबूत होते. निवाडा दुसऱ्याच गोष्टींवर व्हायचा होता.

त्यातली पहिली गोष्ट उजेड. रंगाच्या कंपन्या प्रत्येक छटेला एलआरव्ही नावाचा आकडा देतात, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती परत येतो तो. शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. आमच्या पिवडीचा आकडा पन्नासच्या आसपास, निळ्याचा आठच्या. चारही भिंती निळ्या केल्या असत्या तर राजांगणातून येणाऱ्या उजेडावर जगणारी ती मोठी खोली आषाढात दुपारीच मिट्ट झाली असती. यावर धाकट्याने फारसा वाद घातला नाही.

फळ्या

भिंतीवर जुन्या रंगाशेजारी वीतभर ठिपका मारून छटा ठरवणं मला पटत नाही. मिशेल शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसमधल्या गोबेलाँ विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी त्याच्याकडे यायच्या. त्याने शोध घेतला तेव्हा दोष धाग्यात नव्हता, शेजारच्या रंगात होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजार बदलला की रंग बदलतो, हे त्याने दाखवलं. या घरात जुनी भिंत फिकट हिरवी होती. तिच्यावर मारलेला पिवळा तांबूस दिसला असता, निळा जांभळ्याकडे झुकला असता, आणि हिरवा झाकला गेला की दोन्ही दुसरेच निघाले असते.

म्हणून दोन-दोन फुटांच्या हार्डबोर्डच्या फळ्या केल्या. प्रायमर, मग रंगाचे दोन हात, भोवती चार बोटं पांढरी कड. फळ्या पावसाआधीच तयार ठेवल्या आणि पाऊस सुरू झाल्यावर खोल्याखोल्यांतून फिरवल्या. मे महिन्यात रंग निवडला तर तो मे महिन्यापुरताच निवडला जातो. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चवथही बहुधा त्याच दिवसांत. घर सगळ्यात जास्त माणसांनी भरलेलं असतं तेव्हा बाहेरचा उजेड करडा आणि थंड असतो. रंगाची परीक्षा तिथेच घ्यायला हवी.

निकाल असे आले. कुळागराकडच्या खिडकीपाशी पिवडी बिघडली. माडा-पोफळींतून गाळून येणारा उजेड हिरवट असतो. त्यात पिवडीला शेवाळी झाक आली आणि ट्यूबलाइट लावल्यावर ती आंबट दिसायला लागली. निळा त्याच जागी नुसता खोल गेला, पण मळला नाही. पडवीत उलटं झालं. तिथे पूर्वेचा उजेड थेट येतो, समोर लाल अंगण असतं, आणि ढगाळ सकाळीसुद्धा पिवडीमुळे पडवी उजळल्यासारखी वाटत होती. निळी फळी तिथे जड वाटली.

तिन्हीसांजेला एक वेगळीच गोष्ट दिसली. दिवे लागायच्या आधी, उजेड अगदी कमी असताना, निळी फळी अपेक्षेपेक्षा उजळ दिसत होती आणि शेजारची लाल फरशी काळी पडली होती. मंद उजेडात आपला डोळा निळ्याकडे जास्त झुकतो. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. आरतीची वेळ साधारण हीच, म्हणून मला त्याचं महत्त्व वाटलं. पिवळसर बल्ब लावताच मात्र निळ्याचा करडा झाला. दोष रंगाचा नव्हता, बल्बमध्ये निळा उजेडच कमी असतो. पुढे त्या भिंतीपुरते ४००० केल्विनचे, म्हणजे कमी पिवळसर, रंग नीट दाखवणारे दिवे घेतले तेव्हा हा प्रश्न सुटला. दिवा न ठरवता गडद निळा ठरवू नये, असं माझं पक्कं मत झालं आहे.

माटोळीमागची भिंत

थोरले अजून तयार नव्हते. ‘‘गणपतीच्या मागे काळपट रंग? शुभ कार्याला पिवळंच बरं दिसतं,’’ हे त्यांचं म्हणणं. आकड्यांनी किंवा शेव्ह्रलच्या नावाने ते हललेही नसते, आणि हलावं असंही मला वाटत नव्हतं. ते घर त्यांचं होतं.

तोडगा काकीने काढला. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला नारळ, सुपारीची शिपटी (घड), आंबाडे, तोरंजन, रानातली फळं-फुलं टांगून. गणपतीइतकंच लोक माटोळीकडे बघतात. काकी म्हणाली, ‘‘बाय, तुझ्या फळ्या लाव बघू दोन्ही भिंतीला. वर काय टांगणार ते आधी बघूया.’’ थोरल्यांनी कुळागरातून पिकल्या सुपारीचं एक शिपटं आणलं, वहिनींनी एक असोला नारळ आणि थोडे आंबाडे.

पिवडीपुढे ते शिपटं धरलं आणि ते दिसेनासंच झालं. पिकली सुपारी नारिंगी-पिवळी. मागे पिवळीच भिंत. नारळाचं तपकिरी सालसुद्धा त्याच कुळातलं. पाच-सहा हात लांबून बघितलं तर फळं कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मग तेच शिपटं निळ्या फळीपुढे धरलं. एकेक सुपारी वेगळी दिसायला लागली. देठाजवळचा हिरवा, टोकाचा नारिंगी, मधल्या सुकलेल्या काड्या, सगळं. नारिंगी आणि निळा हे रंगचक्रावर समोरासमोरचे. एकमेकांपुढे दोघेही आपापल्या परीने जास्त तीव्र होतात. काकी एवढंच म्हणाली, ‘‘पेटलंय जसं काय.’’ थोरले बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी शिपटं स्वतःच्या हातात घेतलं आणि दोन्ही फळ्यांपुढे पुन्हा धरून पाहिलं. त्यानंतर त्या भिंतीबद्दल चर्चा झाली नाही.

ठरलं ते असं: मोठ्या खोलीत फक्त गणपतीमागची भिंत निळी, बाकी तिन्ही चुन्याच्या पांढऱ्या, त्यात किंचित पिवडी. तीन भिंती उजळ असल्या की एका गडद भिंतीने खोली अंधारत नाही. राजांगणाभोवतीच्या ओवरीला पिवडी. गणपतीपुढे बसून मागे वळलं की दारातून ती पिवडी दिसते, आणि निळ्यावरून नजर वळवून पाहिल्यामुळे आहे त्याहून थोडी ऊबदार दिसते. हे जाणूनबुजून साधलेलं आहे. दोन विरोधी रंग एकाच भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांनी रंगवण्यापेक्षा एका खोलीतून दुसरी दिसावी असे ठेवले, तर डोळ्याला त्रास न होता दोघांचा फायदा मिळतो.

स्वयंपाकघराला पिवडीचीच फिकी छटा, धुता येणारी. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

अंगणाची लाल माती

आता दर्शनी भिंत. धाकटा भाऊ इथे हटून बसला होता, आणि त्याची बाजू कच्ची नव्हती. फोंतान्यासमध्ये पिवळी, निळी, तांबडी घरं पांढऱ्या कडा लेवून शेजारी-शेजारी उभी आहेत आणि निळी घरं सुंदर दिसतात, यात शंका नाही. मग आपल्याच घराला निळा का चालू नये?

कारण खाली काय आहे ते बघावं लागतं. फोंतान्यासची घरं बांधीव गल्लीला लागून आहेत. वळचणीचं पाणी पडतं ते फरसबंदीवर. या घरापुढे लाल मातीचं अंगण. कौलांवरून ओघळलेली धार मातीवर आपटते आणि तिचे शिंतोडे भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत उडतात. दोन्ही फळ्या आम्ही वळचणीखाली भिंतीला टेकवून काही पावसाळी रात्री तशाच ठेवल्या. निळ्या फळीवर खालच्या निम्म्या भागात गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके बसले. ओल्या फडक्याने पुसल्यावर ठिपका जाऊन त्याजागी पसरट तांबूस डाग राहिला. पिवडीच्या फळीवर माती तेवढीच उडाली होती, पण ती पाहायला वाकावं लागत होतं. माती आणि पिवडी दोघींच्या अंगी लोखंडच, त्यामुळे त्या एकमेकींत मिसळून जातात.

पिवडीची बाजू मांडताना तिचा दोषही धाकट्याला सांगितला. पावसाळ्यात भिंतीवर वरून काळे ओघळ उतरतात, शेवाळाचे आणि बुरशीचे. ते पिवळ्यावर ठळक दिसतात, निळ्यावर बरेच लपतात. उलट ओल सुकताना भिंतीतून पांढरा खार फुटतो तो निळ्यावर चुना सांडल्यासारखा दिसतो आणि पिवळ्यावर जवळपास दिसत नाही. म्हणजे कुठला रंग ‘मळखाऊ’ याला एकच उत्तर नाही. मळ कुठला, ते आधी विचारायचं. या घराच्या दर्शनी भागाला कौलांची झेप मोठी असल्यामुळे काळे ओघळ कमी होते. माती आणि खार जास्त. पारडं पिवडीकडे झुकलं.

फोंतान्यासबद्दल आणखी एक. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला होता आणि घरांना दर पावसाळ्यानंतर नवा हात देण्याची सक्ती होती, असं पणजीत सांगतात. चुन्याचा रंग दरवर्षी द्यावाच लागतो, हे तर उघडच आहे. वर्षाला एक हात मिळणाऱ्या निळ्याची तुलना सात-आठ वर्षं तसाच राहणाऱ्या इमल्शनच्या निळ्याशी करणं बरोबर नाही. धाकट्याला हे पटलं. त्याचे पांढरे पट्टे मात्र राहिले, खिडक्यांभोवती, आणि पिवडीवर ते निळ्याइतकेच खुलतात.

तळाला जोत्यालगत गुडघाभर काव रंगाचा तांबडा पट्टा घेतला. तो शोभेचा वाटला तरी कामाचा आहे. शिंतोडे त्यातच जिरतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी एवढाच पट्टा पुन्हा रंगवला तरी चालतं. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांवर कावी कामाची नक्षी आहे, चुन्याच्या पांढऱ्यावर हीच तांबडी काव. या मुलखाला हा रंग नवा नाही.

ओल

सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती तारखेवरून. चवथीआधी सगळं घर रंगवून व्हायला हवं, ही घरच्यांची अपेक्षा. गोव्यात हीच रीत आहे, आणि दरवर्षी पोपडे निघालेल्या कितीतरी भिंतींचं मूळ याच रीतीत आहे. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल तो वर ओढतो आणि जुना चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडत राहतो. बाहेरून सिमेंट आणि त्यावर प्लास्टिकसारखा बसणारा रंग चढवला की ओलीला वाट राहत नाही, आणि ती रंगालाच ढकलते. गडद रंग उन्हात जास्त तापतो, त्यामुळे बाहेरच्या भिंतीवर निळ्याला फोड येण्याची भीती पिवडीपेक्षा जास्त.

तपासणी साधी केली. प्रत्येक भिंतीवर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी घट्ट टेप लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव धरलं असेल तर ब्रश लावायचा नाही. मोठ्या खोलीच्या आतल्या भिंती कोरड्या निघाल्या. दर्शनी भिंतीच्या चौकोनात पाण्याचे थेंब होते, आणि पश्चिमेच्या खोलीत तर प्लास्टिक भिंतीला चिकटूनच बसलं होतं.

तेव्हा चवथीआधी फक्त मोठी खोली आणि ओवरी झाली. गडद रंगात रंगद्रव भरपूर घातलेलं असतं आणि दमट हवेत तो सुकायला वेळ घेतो. सुकताना त्यातून चिकट, चकाकते ओघळ उतरू शकतात. म्हणून श्रावणातली उघडीप गाठून निळ्याचे दोन हात दिले, मधे पुरता एक दिवस सोडला आणि खोलीत पंखे चालू ठेवले. तरी एका कोपऱ्यात ओघळ आलेच. ते ओल्या फडक्याने गेले. पेंटर लगेच तिसरा हात मारायला निघाला होता, त्याला थांबवलं. बाहेरची भिंत नुसती घासून, शेवाळ काढून ठेवली. चवथीला पाहुणे आले ते जुन्या हिरव्या दर्शनी भिंतीपुढूनच, आणि थोरल्यांना ते थोडं लागलं. बाहेरचं काम फेब्रुवारीत झालं, प्लास्टिकचा चौकोन कोरडा निघाल्यावर.

पुढच्या पावसाळ्यानंतर

पुढच्या वर्षीचा पाऊस सरल्यावर घर पुन्हा पाहिलं. दर्शनी पिवडी ठीक आहे. काव पट्ट्यावर माती बसली आहे, अंगणात उभं राहून ती दिसत नाही. दक्षिणेच्या कोपऱ्यात एक कौल फुटलं होतं, तिथून काळा ओघळ उतरलाय आणि तो पिवडीवर चांगलाच ठळक आहे. कौल बदलून भिंत धुवायला सांगितलं.

निळ्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला चकाकी आली आहे. माणसं टेकून बसतात, मॅट रंग घासला की चकाकतो, आणि गडद रंगावर ते लपत नाही. खुर्चीच्या पाठीने एक पांढरी रेघही ओढली गेली आहे. तेवढ्यापुरता रंग लावून भागत नाही, ठिगळ दिसतं; रंगवायची तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत. वहिनींनी त्या भिंतीलगतच्या खुर्च्या हातभर पुढे ओढल्या आहेत. दोन्ही छटांचे कोड आणि उरलेल्या डब्यांवरचा बॅच नंबर पेंटरकडून लिहून घेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत.

पश्चिमेची खोली अजून रंगवलेली नाही. कुळागराचं पाणी भिंतीकडे येतं. त्याचा पाट आधी हातभर लांब वळवायचा आहे आणि खालचा सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा आहे. ती भिंत सुकली की तिथे काकीच्या आठवणीतली फिकट नीळ लावायची, चुन्यातच कालवून. हिरवट उजेडात निळा मळत नाही हे फळ्यांवर दिसलंच होतं, आणि चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. धाकट्याने त्यासाठी पुढच्या उन्हाळ्यात येऊन राहायचं कबूल केलं आहे.